ल्युपस असताना आई व्हायचं तर

“डॉक्टर, हिला मूल होऊ शकेल ना?”

ल्युपसचं निदान झालेल्या मुलीच्या घरून हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत येतोच. कधी ती स्वतः विचारते, कधी ती रक्त द्यायला गेल्यावर तिची आई विचारते. प्रश्न साहजिक आहे. या आजाराच्या दहा रुग्णांपैकी नऊ बायका असतात, आणि बहुतेकींना तो ऐन तारुण्यात, लग्नाच्या आणि मुलाबाळांच्या वयात गाठतो.

थोडक्यात उत्तर असं: बहुतेकींना मूल होऊ शकतं. पण ते किती सुखरूप होईल, हे बरंचसं दिवस जाण्यापूर्वीच ठरतं. आजार किती काळ शांत आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि रक्तात कोणती प्रतिपिंडं आहेत, या तीन गोष्टी ज्यांनी आधी तपासून घेतल्या त्यांचा मार्ग पुष्कळ सोपा होतो. या प्रकरणात याच गोष्टी एकेक करून पाहू.

१. हा आजार गर्भारपणात कुठे आडवा येतो?

शरीरात जंतू शिरला, की रोगप्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध खास प्रथिनं बनवते. ती प्रतिपिंडं. ती जंतूला चिकटतात आणि त्याचा नाश घडवून आणतात. ल्युपसमध्ये अशी प्रतिपिंडं स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्ध तयार होतात. त्यातून ठिकठिकाणी दाह होतो. गालांवर लाल चट्टे उठतात, सांधे दुखतात, केस गळतात, रक्तातल्या पेशी कमी होतात आणि काहींच्या मूत्रपिंडांना इजा होते. आजार सतत सारखा नसतो. काही महिने शांत असतो, मग उसळतो. या उसळीला रुग्ण आणि डॉक्टर दोघंही ‘फ्लेअर’ म्हणतात. ल्युपस संसर्गजन्य नाही. नवऱ्याला किंवा घरातल्या कुणाला तो लागत नाही.

दिवस राहण्याची क्षमता ल्युपसमुळे सहसा कमी होत नाही. अपवाद आहेत. सायक्लोफॉस्फमाइड हे औषध जास्त प्रमाणात दिलं गेलं असेल तर बीजांडं कमी होऊ शकतात, आणि मूत्रपिंडं फार बिघडली असतील तर पाळी अनियमित होते.

अडचण येते ती पुढच्या नऊ महिन्यांत, आणि ती तीन ठिकाणी येते. पहिलं ठिकाण आईची मूत्रपिंडं. गर्भारपणात ती नेहमीपेक्षा जवळजवळ दीडपट रक्त गाळतात. आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडांना हा भार जड जातो. दुसरं ठिकाण वार. बाळाचं सगळं पोषण वारेतून होतं. तिथल्या रक्तवाहिन्या नीट तयार झाल्या नाहीत किंवा त्यांत रक्त साकळलं, तर बाळाची वाढ खुंटते. तिसरं ठिकाण बाळ स्वतः. आईची काही प्रतिपिंडं वार ओलांडून बाळाच्या रक्तात जातात. पुढची सगळी औषधं, तपासण्या आणि खबरदारी या तीन ठिकाणांसाठीच आहे.

२. “मूल नकोच” हा सल्ला कुठून आला?

आजीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल, तर त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. १९६०च्या दशकात पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार ल्युपस असलेल्या बायकांच्या शंभरातल्या सुमारे ४३ गर्भधारणा वाया जात. २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा आकडा १७च्या आसपास आला. मधल्या काळात मूत्रपिंडाच्या आजारावर चांगली औषधं आली, रक्त साकळण्याचं कारण कळलं, अपुऱ्या दिवसांची बाळं जगवणारे कक्ष उभे राहिले. आणि मुख्य म्हणजे गर्भधारणेची वेळ निवडायची असते हे डॉक्टरांच्या लक्षात आलं.

वेळेचं महत्त्व एका मोठ्या अभ्यासातून स्पष्ट दिसतं. अमेरिका आणि कॅनडातल्या डॉक्टरांनी ल्युपस असलेल्या ३८५ गर्भवतींचा पाठपुरावा केला. ‘प्रॉमिस’ नावाच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ८१ जणींच्या बाळंतपणात गंभीर अडचण आली नाही. उरलेल्या १९ जणींपैकी काहींचं बाळ फार लहान राहिलं, काहींना वारेच्या किंवा रक्तदाबाच्या कारणाने लवकर बाळंत व्हावं लागलं, आणि शंभरात पाच बाळं दगावली.

हा आकडा वाचताना त्यामागच्या अटीही वाचायला हव्यात. या सगळ्या जणींचा आजार सुरुवातीला शांत किंवा अगदी सौम्य होता. लघवीतून जास्त प्रथिनं जाणाऱ्या, स्टेरॉइडचा मोठा डोस घेणाऱ्या आणि जुळी असलेल्या बायका त्यात घेतल्याच नव्हत्या. पहिल्या बारा आठवड्यांतले गर्भपातही त्यात मोजलेले नाहीत. म्हणजे ८१ हा आकडा ल्युपसच्या प्रत्येक रुग्णाचा नाही. तयारी करून गर्भारपणात पाऊल टाकलेल्या रुग्णाचा आहे.

३. सहा महिने शांत, म्हणजे नेमकं काय?

आजार निदान सहा महिने शांत असावा आणि मग गर्भधारणेचा विचार करावा, असा आजचा सर्वमान्य सल्ला आहे. पण ‘मला बरं वाटतंय’ म्हणजे आजार शांत, असं नाही. मूत्रपिंडाचा ल्युपस दुखत नाही. तो फक्त लघवीच्या तपासणीत दिसतो.

या तपासणीचं एक उदाहरण घेऊ. लघवीच्या एकाच नमुन्यात प्रथिनं आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) मोजतात आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागतात. समजा प्रथिनं ९० आणि क्रिएटिनिन १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. गुणोत्तर आलं ०.९. याचा ढोबळ अर्थ, दिवसभरात सुमारे ०.९ ग्रॅम प्रथिनं लघवीतून वाया जात आहेत. गर्भधारणेपूर्वी हे गुणोत्तर ०.५च्या खाली असावं असं पाहतात. म्हणजे ही बाई कितीही ठणठणीत दिसली तरी तिने थोडं थांबायला हवं.

याच्या जोडीला आणखी काही गोष्टी बघतात: रक्तदाब आटोक्यात आहे का, रक्तपेशींची संख्या ठीक आहे का, डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली नाहीत ना, आणि सी-३ व सी-४ ही प्रथिनं घसरलेली नाहीत ना. ल्युपस उसळला की सी-३ आणि सी-४ वापरली जातात आणि त्यांची पातळी खाली येते. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

कोकणात मृग लागण्याआधी घर शाकारून घेतात. फुटकी कौलं बदलतात, पन्हळ मोकळी करतात, कारण पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढणं धोक्याचं असतं. ल्युपसमधली पूर्वतयारी अशीच असते. गोळ्या बदलायच्या, मूत्रपिंडाची तपासणी करायची, नव्या गोळीवर आजार टिकतो का ते पाहायचं, हे सगळं दिवस जाण्यापूर्वी निवांत करता येतं. नंतर त्यातली अर्धीअधिक कामं करता येत नाहीत.

काही जणींना मात्र थांबण्याचा सल्ला जास्त ठामपणे दिला जातो. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब फार वाढला असेल, हृदय किंवा मूत्रपिंडं फार निकामी झाली असतील, किंवा गेल्या सहा महिन्यांत पक्षाघात झाला असेल, तर गर्भारपण आईच्या जिवावर बेतू शकतं.

४. कोणती गोळी थांबते, कोणती चालू राहते?

दिवस राहिल्याचं कळलं की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आता सगळ्या गोळ्या बंद कर, बाळाला लागतील.” माया असते त्यात, पण ल्युपसमध्ये हा सल्ला महागात पडतो. औषध अचानक थांबलं की आजार उसळतो, आणि उसळलेला ल्युपस बाळाला बऱ्याच गोळ्यांपेक्षा जास्त घातक असतो. सासरी आजार लपवला असेल तर गोळ्याही लपून घ्याव्या लागतात आणि त्या चुकतात. म्हणून निदान नवऱ्याला तरी सगळं माहीत असणं हा उपचाराचाच भाग आहे.

औषधांचे तीन गट करू.

चालू ठेवायची औषधं: यात पहिलं नाव हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचं, रुग्णांच्या तोंडी ‘एचसीक्यू’. मूळची मलेरियाची ही गोळी १९५०च्या दशकापासून ल्युपसमध्ये वापरली जाते. २०२०मध्ये कोविडच्या सुरुवातीला तिच्यावर सगळ्यांची झुंबड उडाली तेव्हा ल्युपसच्या रुग्णांना ती मिळेना, हे अनेकींना आठवत असेल. गर्भारपणात ती सुरक्षित आहे आणि फ्लेअर कमी करते. मात्रा वजनावर ठरते: दर किलोला दिवसाला जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम. वजन ६० किलो असेल तर ६० गुणिले ५, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. ती वर्षानुवर्षं घ्यायची असल्याने अधूनमधून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लागते. ॲझाथायोप्रिन आणि टॅक्रोलिमस ही औषधंही गरजेनुसार चालू राहतात.

जपून घ्यायची औषधं: प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड यात येतं. वारेतलं एक विकर त्याचा बहुतांश भाग निष्क्रिय करतं, त्यामुळे बाळापर्यंत थोडाच भाग पोहोचतो. पण डोस मोठा असेल तर आईची साखर आणि रक्तदाब वाढतो, म्हणून शक्य तितक्या कमी डोसवर भागवतात.

आधीच थांबवायची औषधं: मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोफॉस्फमाइड. ही बाळाच्या अवयवांच्या घडणीत व्यंग आणू शकतात किंवा गर्भपात घडवू शकतात. लेफ्लुनोमाइड शरीरात फार काळ रेंगाळतं, म्हणून ते धुऊन काढायला वेगळं औषध द्यावं लागतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन बदलून हेपारिनची इंजेक्शनं सुरू करतात. रक्तदाबासाठी किंवा मूत्रपिंडासाठी दिलेल्या ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ने संपणाऱ्या गोळ्याही बदलाव्या लागतात.

हे प्रत्यक्षात कसं जमवायचं? समजा, एक बाई मायकोफेनोलेट घेते आहे आणि आजार शांत आहे. जानेवारीत डॉक्टरांनी ते थांबवून ॲझाथायोप्रिन सुरू केलं. मायकोफेनोलेट बाळाच्या दृष्टीने सहा आठवड्यांत पुरेसं निघून जातं. म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस मार्ग मोकळा? नाही. नव्या गोळीवर आजार शांत राहतो का, हे अजून कळायचं आहे. मार्च आणि मे महिन्यात रक्त-लघवी तपासली, ठीक निघाली, जुलैमध्ये पुन्हा ठीक निघाली, की मग हिरवा कंदील. तोवर निरोध किंवा तांबी वापरायची.

आणि ठरवण्याआधीच दिवस राहिले तर? स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव सांगा.

५. दोन प्रकारची प्रतिपिंडं, दोन वेगळे धोके

गर्भधारणेपूर्वी दोन रक्ततपासण्या आवर्जून करतात. दोन्ही प्रतिपिंडांच्याच आहेत, पण त्यांची गल्लत करू नये.

पहिली तपासणी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची. या प्रतिपिंडांमुळे रक्त साकळण्याची प्रवृत्ती वाढते. पायाच्या शिरेत गाठ झाली तर पाय सुजतो, मेंदूत झाली तर पक्षाघात होतो, आणि वारेच्या रक्तपुरवठ्यात बिघाड झाला तर गर्भपात होतो किंवा बाळाची वाढ थांबते. १९८३मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी हे सगळे धागे एकत्र जोडून दाखवले. तपासणी एकदा सकारात्मक आली की लगेच निष्कर्ष काढत नाहीत. किमान बारा आठवड्यांनी ती पुन्हा करतात, कारण साध्या संसर्गानंतरही ती काही काळ सकारात्मक येऊ शकते.

आपल्याकडे या प्रतिपिंडांचा एक वेगळाच त्रास होतो. गर्भवतीच्या पहिल्या भेटीत सिफिलिस या गुप्तरोगासाठी व्हीडीआरएल तपासणी होते. त्या तपासणीत कार्डिओलिपिन नावाचा मेदासारखा पदार्थ वापरतात, आणि ल्युपसमधली काही प्रतिपिंडं नेमकी त्याच पदार्थाला चिकटतात. सिफिलिस नसताना अहवाल सकारात्मक येतो आणि घरात नको ते संशय सुरू होतात. अशा वेळी टीपीएचए ही दुसरी तपासणी केली की खरं-खोटं स्पष्ट होतं. ल्युपस असलेल्या प्रत्येक जोडप्याला हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

उपाय काय? ल्युपस असलेल्या बहुतेक गर्भवतींना बाराव्या आठवड्याच्या सुमारास ॲस्पिरिनचा छोटा डोस, म्हणजे ७५ ते १५० मिलिग्रॅम, सुरू करतात. त्याने प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका कमी होतो. प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे काय, ते पुढच्या भागात पाहू. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं आहेत आणि पूर्वी रक्ताची गाठ किंवा गर्भपात झाले आहेत, अशांना जोडीला हेपारिन देतात. रोज पोटाच्या कातडीत टोचून घ्यावं लागतं, कंटाळा येतो, निळे डाग पडतात. पण हेपारिनचे रेणू मोठे असतात, ते वार ओलांडत नाहीत, त्यामुळे बाळाला त्याचा उपद्रव नसतो.

दुसरी तपासणी अँटी-रो आणि अँटी-ला प्रतिपिंडांची. ही वार ओलांडतात. क्वचित ती बाळाच्या हृदयातल्या, ठोक्याचा संदेश वाहून नेणाऱ्या पेशींना इजा करतात. गर्भातल्या बाळाचे ठोके एरवी मिनिटाला ११० ते १६० असतात, ते ५०-६०वर येतात. याला जन्मजात हार्ट ब्लॉक म्हणतात. पूर्ण ब्लॉक झाला तर तो सहसा बरा होत नाही आणि बऱ्याच बाळांना पुढे पेसमेकर बसवावा लागतो.

ही शक्यता किती? अँटी-रो असलेल्या शंभर आयांपैकी साधारण एखाद-दुसरीच्या बाळाला हा त्रास होतो. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव बाळांची हृदयं ठीक असतात. पहिल्या बाळाला ब्लॉक झाला असेल, तर पुढच्या खेपेला मात्र शक्यता शंभरात १८च्या आसपास जाते. अशा बायकांना दहाव्या आठवड्याच्या आत एचसीक्यू सुरू केल्यावर हे प्रमाण ७च्या जवळ आलं, असं २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. अँटी-रो असलेल्यांची सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांदरम्यान बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करतात, कारण धोक्याचा काळ तोच असतो.

काही बाळांना या प्रतिपिंडांमुळे जन्मानंतर चेहऱ्यावर, डोळ्यांभोवती गोल चट्टे येतात. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तातून सहा-आठ महिन्यांत संपतात आणि चट्टेही जातात. बाळाला कोवळ्या उन्हात धरायची आपली पद्धत मात्र इथे बाजूला ठेवावी, कारण उन्हाने ते वाढतात.

६. बीपी वाढलं, पाय सुजले. गर्भारपण की ल्युपस?

डॉक्टरांनाही कोड्यात टाकणारा भाग हा आहे. गर्भारपणात थकवा येतो, पाठ-सांधे दुखतात, गालांवर काळसर वांग येतो, हिमोग्लोबिन उतरतं, दाह दाखवणारा ईएसआर वाढतो. ही सगळी लक्षणं ल्युपसमध्येही दिसतात. म्हणून नुसता ईएसआर वाढला म्हणून घाबरायचं कारण नसतं.

उलटही होतं. एखादा आकडा ‘नॉर्मल’ दिसतो आणि तो नॉर्मल नसतो. समजा, गर्भारपणाआधी रक्तातलं क्रिएटिनिन ०.७ होतं. मूत्रपिंडं जास्त रक्त गाळू लागल्याने गर्भारपणात ते ०.५च्या आसपास यायला हवं. अहवालात ते ०.९ आलं, तर प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत ते बसतं, पण इथे ती धोक्याची सूचना आहे.

सर्वांत अवघड गल्लत होते ती प्रीएक्लॅम्प्सिया आणि मूत्रपिंडाचा फ्लेअर यांची. प्रीएक्लॅम्प्सिया ही विसाव्या आठवड्यानंतर उद्भवणारी गर्भारपणाची गुंतागुंत आहे. ती वारेमुळे होते आणि ल्युपस नसलेल्यांनाही होते. दोन्हीत रक्तदाब वाढतो, सूज येते, लघवीतून प्रथिनं जातात. उपाय मात्र वेगळे आहेत. फ्लेअरवर ल्युपसचं औषध वाढवावं लागतं, तर प्रीएक्लॅम्प्सियाचा शेवट बाळंतपणानेच होतो. इथे सी-३ आणि सी-४ कामाला येतात. निरोगी गर्भारपणात ती चढती असतात. ती घसरत असतील, डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं वाढत असतील आणि लघवीत रक्तपेशी दिसत असतील, तर पारडं फ्लेअरकडे झुकतं. युरिक ॲसिड वाढलं असेल, यकृताच्या तपासण्या बिघडल्या असतील, तर प्रीएक्लॅम्प्सियाकडे. कधी दोन्ही एकदम असतात.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, एकाच पायाला सूज, धाप लागणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

इथेच आपल्या एका रिवाजाचा विचार करायला हवा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मुलगी गाव बदलते. प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका वाढतो तो याच काळात, आणि नेमका तेव्हाच डॉक्टर बदलतो. माहेरी जरूर जावं. पण तिथे ल्युपसचा जाणकार आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग जवळ आहे का, हे पाचव्या महिन्यातच पाहून ठेवावं. सगळे जुने अहवाल असलेली फाइल सोबत न्यावी, कारण नव्या डॉक्टरांना आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडूनच समजतो. तशी सोय माहेरी नसेल, तर आईनेच मुलीकडे येऊन राहिलेलं बरं.

७. बाळंतपण आणि त्यानंतरचे सहा महिने

नुसता ल्युपस आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. ते बाळाच्या किंवा आईच्या त्या वेळच्या स्थितीवर ठरतं. हेपारिन चालू असेल तर कळा सुरू होताच पुढचं इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना कळवायचं. बरेच महिने स्टेरॉइड घेतलं असेल तर प्रसूतीच्या वेळी त्याचा जादा डोस लागू शकतो, हेही आधी बोलून ठेवायचं.

एचसीक्यू, ॲझाथायोप्रिन आणि कमी डोसचं प्रेडनिसोलोन घेत असतानाही अंगावर पाजता येतं. प्रेडनिसोलोन दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर गोळीनंतर चार तास थांबून पाजावं. हेपारिनही चालतं. मायकोफेनोलेट पुन्हा सुरू करायचं असेल तर मात्र पाजणं आणि औषध यांत निवड करावी लागते, आणि तेव्हा आईचं औषध टाळू नये.

बाळंतपणानंतरच्या महिन्यांत ल्युपस उसळण्याची शक्यता राहते. रक्ताच्या गाठीचा धोका पहिल्या सहा आठवड्यांत सर्वाधिक असतो, म्हणून ज्यांना हेपारिन चालू होतं त्यांना ते निदान सहा आठवडे पुढे चालू ठेवावं लागतं. थकवा, केस गळणं, अंगदुखी हे सगळं ‘बाळंतपणाचंच आहे’ म्हणून सोडून दिलं जातं आणि फ्लेअर महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

गर्भनिरोधाचा विचारही याच काळात करायचा, कारण पुढच्या बाळासाठी सहा महिन्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असतील किंवा आजार उसळलेला असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी रक्ताची गाठ होऊ शकते. तांबी बहुतेकींना चालते.

शेवटी एक व्यवहारातली युक्ती. बाळाच्या लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात, आणि त्या तारखा घरात कुणीच चुकवत नाही. आईची रक्त-लघवी तपासणी आणि बीपीही त्याच तारखांना करून घ्यावं. लसीच्या कार्डावर त्या प्रत्येक तारखेसमोर ‘आईची लघवी’ असं पेनने लिहून ठेवलं, तरी काम होतं.